जड पातं

चितेगावच्या शेडपाशी तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा मी त्याला वॉचमन समजले.

"दादा, कॅप्टनसाहेब कुठं बसतात?"

"आधी गेट उघडू द्या, मग सांगतो." गेट उघडून तो म्हणाला, "मीच. पेंबा."

मी मान वर केली नाही.

नेपाळात तो डोंगरांमधून छोटी विमानं उडवायचा. एका विमानाच्या प्रोपेलरचं पातं हवेतच तुटलं, आणि त्यात त्याचा मित्र गेला. त्यानंतर पेंबा उडाला नाही. इथं येऊन लाकडी प्रोपेलर घडवू लागला. मी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचे; तोल तपासायला तो मला बोलवायचा. प्रोपेलरच्या मधल्या भोकात दांडी घालून ती दोन पोलादी पट्ट्यांच्या धारांवर टेकवायची. जड पातं खाली झुकतं. मग हलक्यावर वार्निशचा हात द्यायचा. दोन वर्षं आम्ही बोललो ते एवढंच — ग्रॅममध्ये.

श्रावणात शेवटची ऑर्डर रवाना झाली, आणि तरीही फोन आला.

"मॅडम, एक झुकतोय."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. मी दांडी धारांवर टेकवली. एक पातं लगेच खाली गेलं. भोकाजवळ पेन्सिलची खूण होती... माझीच, वैशाखातली. तेव्हा हा तोलात होता.

"हा तर शोभेला भिंतीवर लावलेला नमुना. उभा ठेवला होता?"

"व्हय. चार दिवस."

लाकूड उभं ठेवलं की ओल खालच्या पात्यात उतरते. हे मला त्यानंच शिकवलं होतं.

"तुमच्या हातून अशी चूक?"

"चूक नाही." तो पात्याकडंच बघत होता. "बंगळूरच्या कारखान्यानं बोलावलंय. उद्या उत्तर द्यायचंय. तुम्हाला बोलवायला दुसरं कारण उरलं नव्हतं... हा कधी उडणार नाही, मॅडम. उडणाऱ्याशी मी खेळत नाही."

"ठाऊक आहे मला."

मी वार्निशचा डबा उघडला नाही. प्रोपेलरचं एक टोक उचललं. दुसऱ्याला त्यानं हात दिला. भिंतीच्या खुंट्यांवर आम्ही तो आडवा ठेवला.

"वार्निश?"

"नको. आडवा राहिला की ओल आपोआप सारखी होईल. वेळ लागेल."

"किती?"

"दिवाळीपर्यंत तरी. रोज बघावं लागेल."

"रोज?"

"मी येईन," मी म्हणाले. "पण... गेट उघडायला कुणीतरी हवं."