आधी टपाल, मग माणसं

"बॅग हातात घेऊनच काट्यावर उभे राहा."

"आधी नाव तरी विचारा!" तो हसला.

२०१४ चा मे महिना. मस्कतहून वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पवर जाणाऱ्या हेलिकॉप्टरच्या काउंटरवर मी, नौशीन, प्रवाशांची वजनं घ्यायचे. आणि हा अरहम, माणगावचा इलेक्ट्रिशियन, काट्यावर चक्क श्वास रोखून उभा!

"श्वास रोखून वजन घटत नाही हो."

"तुमच्यासमोर तो आपोआप रोखला जातो..."

आगाऊ मेला! पण माझे कान तापलेच.

बाहेर धुळीचं वादळ उठलं, उड्डाण थांबलं. आम्ही चहा घेऊन बसलो. जुनी हेलिकॉप्टरं म्हणजे माझं वेड, मग काय, सुरू झाले — "पन्नास साली लिव्हरपूल ते कार्डिफ हेलिकॉप्टर वेळापत्रकानं सुटायचं! प्रवासी इनमीन तीन. काय छाती असेल त्यांची! अमेरिकेत तर आधी नुसतं टपाल नेलं. भरवसा बसला, मग माणसं."

"आधी टपाल, मग माणसं..." तो पुटपुटला. "हुशार लोक."

त्यानंतर पायलट कॅप्टन दयानंद कॅम्पवरून येताना माझ्यासाठी अरहमची पुडकी आणू लागले. कधी खजूर, कधी वाळूतला गुलाबी दगड... एकदा तांब्याच्या तारेचं हेलिकॉप्टर, पाती फिरणारं! पुडक्यावर एकच शब्द — 'टपाल'. मी वेडी झाले होते, दुसरं काय!

आणि अब्बांनी शुक्रवारी खेडचं स्थळ घरी, अल् खुवैरला बोलावलं. "दुसरा कोणी मनात असेल तर समोर आण," म्हणाले. समोर काय आणू? तारेचं हेलिकॉप्टर?

रागानं तेच मी परत पाठवलं. "कॅप्टन, त्यांना सांगा, टपाल बंद. शुक्रवारी घरी पाहुणे येतायत."

गुरुवारी हेलिकॉप्टर उतरलं. मी मान वर केली नाही.

"माझं वजन घ्या."

"उतरलेल्यांचं घेत नाही आम्ही."

"घ्या ना... आज बॅग नाही, पुडकं नाही. नुसता माणूस आलाय." अरहम काट्यावर चढला. "टपाल खूप झालं, नौशीन. भरवसा बसला असेल तर... अब्बांकडे नेशील मला?"

डोळे भरून आले, आकडाच दिसेना. तो मात्र तसाच, छाती फुगवून उभा.

"आधी श्वास सोड," मी म्हटलं. "अब्बांपुढे बोलायचंय तुला."