शेवटचे तीन अंक

जाफराबादच्या एसटी स्टँडसमोरच्या दुरुस्तीच्या दुकानात मी शिरले ते केवळ टेंभुर्णीची जीप चुकली म्हणून. पर्समध्ये बाबांचा जुना पेजर होता.

"हा चालू होईल?"

दुकानदारानं डोळ्यावरचं भिंग वर केलं. आधी पेजरकडे पाहिलं, मग माझ्याकडे... मग पुन्हा पेजरकडे, जरा उशिरानं.

"मोटोरोला ॲडव्हायझर! चार ओळींचा. मॅडम, हा चालूच हाये. याच्याशी बोलणारं कुणी राह्यलं न्हाई, एवढंच."

त्याचं नाव मिथुन. त्याच्याकडे हौशी रेडिओचा परवाना होता आणि स्वतः जोडलेला छोटा ट्रान्समीटर. मी टेंभुर्णीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. विज्ञान प्रदर्शनात मला हा पेजर वाजवून दाखवायचा होता. आमचे प्राचार्य धर्मराज सर म्हणाले होते, "त्या दिवशी अकरापर्यंत वाजला नाही, तर भंगार टेबलावरून उचलायचं."

अडचण एकच. पेजर हवेतले सगळ्यांचे निरोप ऐकतो, पण वाजतो फक्त स्वतःच्या सात अंकी नंबराला. मागच्या चिठ्ठीवरचे शेवटचे तीन अंक पुसले गेले होते. बाबांनाही त्या नंबराची कधी गरज पडली नव्हती; त्यांच्या काळी लोक ऑपरेटरला फोन करून निरोप सांगायचे, बाकीचं कंपनी बघायची.

"मंग शून्य शून्य शून्यपासून एकेक लावून पाहू," मिथुन म्हणाला. "पण मशीन लवकर तापतं. रोज पन्नासच."

मी मान हलवली.

पेजरला ट्रान्समीटरची फ्रिक्वेन्सी पकडता यावी म्हणून त्यानं त्याचा स्फटिक बदलला, एक पेन्सिल सेल टाकला, आणि मी रोज कॉलेज सुटल्यावर जाफराबादला येऊ लागले. तो नंबर पाठवी, आम्ही दहा सेकंद थांबू. काउंटरवरचा पेजर गप्प. मी वहीत फुली मारी.

"तुम्ही फार कमी बोलता, मॅडम."

"मोजतेय."

"काय?"

"नंबर."

"मला वाटलं, माझ्या चुका..."

"त्या वेगळ्या पानावर आहेत."

तो हसला की कानापर्यंत लाल व्हायचा. बाहेर कापसाच्या गाड्या जात, आल्याच्या चहाची वाफ आमच्या दोघांच्या मधून वर चढे — आणि दहा सेकंद कधीकधी वीस होत.

"नंबर लागला की मंग तुम्ही इकडं येणार न्हाई," एकदा तो म्हणाला, सोल्डरिंगकडे बघत.

मी वहीत पुढची फुली मारली. पण त्या दिवशी माझी जीप मुद्दाम सोडली.

सोळा दिवसांत आठशे फुल्या झाल्या. प्रदर्शनाची सकाळ उजाडली. मिथुन ट्रान्समीटर घेऊन टेंभुर्णीला आला, तेव्हा साडेदहा वाजले होते. हॉल भरलेला. धर्मराज सर घड्याळ बघत टेबलापाशी उभे.

"जल्दी करा," मी कुजबुजले. मिथुन एकेक नंबर लावू लागला. आठशे दहा... आठशे चाळीस... आठशे एकाहत्तर...

आठशे बाहत्तरला पेजर टेबलावर थरथरला, आणि असा किंचाळला की अख्खा हॉल वळला. मुलींनी टाळ्या पिटल्या. मी हात वर केला, जणू मॅच जिंकली होती.

"थांबा, सर —" मिथुन एकदम पांढरा पडला. "मजकूर बदलायचा राह्यला!"

पण सरांनी पेजर उचलला होता. रोमन अक्षरं लावत त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं, "अक्षता मॅडम, नंबर सापडला. आता यायचं कारण उरलं नाही. लग्न कराल का?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या.

"हा निरोप कधीचा?" मी विचारलं.

"पहिल्या नंबरापासून हाच पाठवून राह्यलो," तो पुटपुटला. "आठशे त्र्याहत्तर वेळा विचारलंय."

सरांनी पेजर उलटसुलट केला. "यावर उत्तर कसं द्यायचं?"

"देता येत नाही, सर. हा फक्त ऐकतो." मी मिथुनकडे वळले. "एका नंबराला दहा सेकंद. हजार नंबरांना पावणेतीन तास. मशीन तापणं हे निमित्त; एका दुपारचं काम होतं ते. मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं."

"मंग... बोलल्या का न्हाई?"

"आता बोलते. हो."

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू आलं नाही, मॅडम!"

मी टेबलावरचा माईक उचलला, आणि सगळ्या कॉलेजला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणाले, "हो!"