वाकळेचा घास

मोबाईल खिशात घाला, मग सांगतो. आपल्या मंगळवार पेठेत, बाळासोच्या घरात घडलेलं आहे. गेल्या साली, भोगीच्या रात्री. बाळासो माझ्यासमोर लहानाचा मोठा झालाय, थापा मारणाऱ्यातला नव्हे.

त्या संध्याकाळी कृष्णातचा फोन आला. दोघं शिरोलीच्या एका कारखान्यात बरोबर कामाला. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात आणलंय, पोरीला एक रात्र सांभाळ म्हणाला. बाळासो मोटारसायकल काढून इचलकरंजीला गेला आणि अंतराला घेऊन आला. सहा वर्षांची पोर. पुढचा दात हलत होता, वाटभर तो जिभेनं ढकलत बसलेली. गडबडीत तिची वाकळ तेवढी तिकडंच राहिली.

आईच्या जुन्या साड्यांची ती वाकळ अंगावर असल्याशिवाय पोरीला झोप यायची नाही. दिवा मालवला आणि तिनं सूर धरला. "काका, मला घरला सोडा की." आईला सोडून पहिल्यांदाच राहिलेली. त्याच्या बायकोनं, स्नेहलनं, तिळाची भाकरी पुढं केली, गाणी म्हटली. काही उपयोग नाही. शेवटी बाळासोनं माळ्यावरून आपल्या आईनं शिवलेली वाकळ काढली.

इथंच चुकला गडी. तुम्हाला कुठलं ठाऊक असणार, पण वाकळ शिवत आली की शेवटच्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा घालून टाके घालतात. वाकळेला घास. म्हणजे ती उपाशी राहत नाही. बाळासोची आई तो कोपरा उघडा टाकूनच वारली होती. तेव्हा बाळासोही अंतराएवढाच होता. पुढं कुणी घास घातलाच नाही.

वाकळ अंगावर पडली आणि पोर गप्प झाली. एकदम.

मध्यरात्री बाळासोला जाग आली. दोरा ओढल्याचा आवाज. सर्र... सर्र... अंधारात अंतरा हळू आवाजात कुणाशी तरी बोलत होती.

"दुखणार न्हाय न्हवं, आजी?"

मग काहीच नाही...

बाळासोनं वाकळ ओढली. निघेना. पोरीभोवती गच्च आवळलेली. कसाबसा म्हणाला, "आई... दुसऱ्याची लेक हाय. सकाळी तिच्या आईकडं पोचवायची हाय मला."

सर्र...

वाकळ सैल झाली.

सकाळी कृष्णात पेढे घेऊन आला. अंतरा बापाकडं धावली नाही. वाकळ कवटाळून बसली. "मी हितंच ऱ्हाते," म्हणाली. बोलताना पुढची फट दिसली. दात नव्हता. अंथरूण झाडलं, घर झाडलं, कुठं सापडला नाही. रक्ताचा थेंबही नाही. रडत्या पोरीला उचलूनच न्यावं लागलं.

वाकळ परत माळ्यावर ठेवताना बाळासोनं कोपरा चाचपला. शिवलेला होता. बारीक टाके, त्याच्या आईचे. मीही बोटानं दाबून पाहिलाय. आत ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी टणक लागतं.