नामशीळ

केंद्राच्या तलावाकाठी बोलायला बंदी होती. मालवणच्या दक्षिणेला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या या केंद्रात सागरी सस्तन प्राण्यांच्या मेंदूवर संशोधन चाले. नवा पाहुणा आला की सगळे खाणाखुणा करताना पाहून त्याला वाटे, इथे कोणीतरी गेलेलं दिसतंय.

गेलेलं होतंच. जाळ्यात अडकून एक डॉल्फिन मादी मेली होती. तिचं दूधपितं पिल्लू तलावात होतं आणि बाटलीला तोंड लावत नव्हतं.

"पोटात असल्यापासून ते जन्मानंतर काही आठवडे आई पिल्लाला एकच शीळ ऐकवते," केंद्रप्रमुख डॉ. पेडणेकर ऑफिसात शलाकाला म्हणाले. "ती नामशीळ. आईचं स्वतःचं नाव. तेवढे दिवस कळपातले बाकीचे गप्प राहतात. का?"

"पिल्लाने दुसरं नाव उचलू नये म्हणून," डॉ. शलाका वायंगणकर म्हणाली.

"बरोबर. मेंदूत तेव्हा श्रवणखिडकी उघडी असते. पाण्यातून सतत जो आवाज येईल, त्याच्याभोवती मेंदू आई रचतो. मग खिडकी मिटते. पुन्हा उघडत नाही."

मेलेल्या मादीची शीळ केंद्राकडे ध्वनिमुद्रित होती. ती पाण्याखालच्या ध्वनिक्षेपकातून दिवसभर वाजू लागली, माणसं कळपासारखी गप्प झाली, आणि शलाका छातीभर पाण्यात उभी राहून पिल्लाला पाजू लागली. पिल्लू प्यायला लागलं. तिला कोण आनंद झाला! डोहाळजेवण झालं तरी तिने काम सोडलं नाही. पाण्यात अंग हलकं वाटायचं. नवरा बोटीवर. संध्याकाळी आवारातल्या क्वार्टरमध्ये परतल्यावर बोलायला कोणी नसे, आणि तिची बोलायची सवयही मोडली होती.

मुलगी झाली. गुटगुटीत, पण आईकडे ढुंकून पाहीना. शलाका बोलायची, गायची, आणि कुशीतलं लेकरू परक्याच्या हाती दिल्यासारखं रडायचं. मनातून ती पार खचली होती.

सव्वा महिन्याने बारसं झालं, तेव्हा क्वार्टरची तलावाकडची खिडकी उघडी होती. कालिंदी आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, कुर्र केलं. बाळाने टाहो फोडला.

"अगो शलाका, ह्या चेडवाचा लक्षच नाय!" आत्या म्हणाली.

तेवढ्यात खिडकीतून शीळ आली. चढती, मग वळण घेऊन उतरणारी. बाळ गप्प झालं. त्याने मान खिडकीकडे वळवली.

पेडणेकरांच्या हातातल्या घुगऱ्या हातातच राहिल्या. "यंत्र चालू आहे का?"

"सकाळपासून बंद आहे सर. पिल्लूच आईला हाक मारतंय," शलाका म्हणाली. "सर, माणसाच्या बाळालाही पोटात ऐकू येतं. पाण्यातूनच. आणि मी... मी बोलतच नव्हते."

पेडणेकरांनी घुगऱ्या खाली ठेवल्या.

"माणसाची खिडकी कधी मिटते?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही. कदाचित मिटलीही असेल."

शीळ थांबली तसं बाळ पुन्हा आकांत करू लागलं. "आता तूच हाक मार गो तिका," आत्या म्हणाली. शलाका पाळण्यावर वाकली. लेकीसाठी ठरवलेलं नाव ओठांवर होतं. ते तिने गिळलं आणि शीळ घातली. डॉल्फिनइतका उंच सूर तिला लागणार नव्हता, पण चढउतार तोच होता.

बाळाने डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच. आणि हसलं.

बायका कौतुकाने हसल्या. शलाकाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. लेकीने आईला ओळखलं होतं, फक्त ती आई जाळ्यात मेली होती. तिचं नाव आता शलाकाला जन्मभर चालवायचं होतं.

बाहेर पिल्लू डोकं वर काढून, तलावाच्या घराकडच्या भिंतीला चिकटून उभं होतं. ते आता शीळ घालत नव्हतं. इतक्या दिवसांत यंत्राने त्याला कधी ओ दिली नव्हती. आज कोणीतरी दिली होती.