खुणेवरचे पांघरूण

प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर भक्षकपेशी सकाळपासून उपाशी फिरत होत्या. डॉ. वैजयंती होनराव खुर्चीच्या पाठीला टेकून त्यांच्याकडे बघत होती. या नमुन्यातले रक्त तिच्या थोरल्या भावाचे, अण्णांचे होते.

"तीन तास झाले, मॅडम," मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. बागवान म्हणाले. "मेलेल्या पेशीजवळ येतात, चाचपतात आणि पुढे जातात."

त्या पुढे जातात याचे कारण वैजयंतीनेच घडवले होते.

माणसाच्या शरीरात दर सेकंदाला दहा लाखांच्या आसपास पेशी मरतात आणि त्याचा पत्ताही लागत नाही, कारण मरणारी पेशी मुकाट मरत नाही. तिच्या आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा एक स्निग्ध पदार्थ ती मरताना बाहेरच्या बाजूला आणते. ही भक्ष्यखूण. भक्षकपेशीचा हात त्या खुणेला लागला, की ती त्या पेशीला अख्खी गिळते. आतले काही बाहेर सांडत नाही. अडचण एवढीच, की पक्षाघातात रक्त न मिळालेल्या मेंदूच्या पेशी जिवंत असूनही घाबरून तीच खूण बाहेर लावतात. भक्षकपेशी चौकशी करत नाहीत. जगू शकल्या असत्या अशा पेशीही त्या खाऊन टाकतात आणि त्यांच्याबरोबर माणसाची वाचा जाते, हात जातो.

वैजयंतीने त्या खुणेवर बसणारे औषध तयार केले. कागदोपत्री ते आवरणक होते, पण संस्थेत सगळे त्याला पांघरूणच म्हणत. उंदरांना दहा दिवस देऊन थांबवले, तेव्हा आठवड्यात झाकलेल्या पेशी खाल्ल्या गेल्या आणि उंदीर पुन्हा लुळे पडले. तेव्हाच ठरले, की ही गोळी जन्मभराची. आज, २०४८ साली, दोनशे चौदा रुग्ण तिच्या जोरावर बोलत-चालत होते.

अण्णा त्यांतलेच एक. तीस वर्षे त्यांनी तासगावच्या एसटी स्टँडवर माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. पक्षाघातानंतर तोंडातून फक्त "ते… ते…" एवढेच निघे. गोळी सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात त्यांनी "कवठेमहांकाळ" असे स्वच्छ म्हटले, तेव्हा वॉर्डातल्या नर्सनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्याला आता आठ महिने झाले. पण रोज बारीक ताप, ठणकणारे सांधे आणि झोपूनही न उतरणारा थकवा. वैजयंती त्यांना अंघोळ घालून, भरवून प्रयोगशाळेत येई आणि संध्याकाळी परत जाऊन तेच करी.

"पांघरूण मेलेल्यांवरही बसतं," ती शेवटी म्हणाली. "न उचललेल्या पेशी फुगून फुटतात, आतलं सांडतं, म्हणून ताप. मग कचरा उपसायला दुसरं काही देऊ."

"एवढ्यानं भागणार नाही. हे बघा." बागवानांनी शेजारचा, निरोगी माणसाचा नमुना पडद्यावर आणला. एका भक्षकपेशीने मेलेली पेशी गिळली. थोड्या वेळाने तिच्याभोवती निळसर छटा पसरली. "हे शमनद्रव्य. खाऊन झालं, की ती शेजारच्यांना कळवते, 'काम संपलं, शस्त्रं खाली ठेवा.' हा निरोप बाहेरून औषध म्हणून देऊन बघितला, टिकत नाही. खाल्लं तरच तो निघतो."

"आणि अण्णांच्या शरीरात कुणी खातच नाही."

"आठ महिने लढाई चालू आहे, मॅडम. संपली असं सांगणारं कुणी नाही."

घरी अण्णा खिडकीशी उशीला टेकून बसले होते. वैजयंतीने त्यांना सगळे समजावून सांगितले. काहीच लपवले नाही.

"गोळी बंद केली तर ताप जाईल. पण शब्दही जातील, अण्णा."

"किती जातील?"

"बहुतेक सगळे."

अण्णा म्हणाले, "शब्द आहेत गं वैजू. पण ते वापरायला माणूस उरलाय कुठं? परवा सुमनचा फोन आला. माझी पोरगी बेळगावहून बोलतेय, आणि मी वाट बघतोय, ही कधी फोन ठेवते. बंद कर."

"थोडं थांबू. एखादा मार्ग निघेल."

"तूही दमलीयस. आरशात बघितलंस का स्वतःला?"

तिने बघितले नव्हते. शेवटी ती कबूल झाली. दोन दिवस अण्णांनी फोन लावून घेतले. सुमनशी बोलले, जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांशी बोलले, मध्येच धाप लागून थांबले, पुन्हा बोलले. तिसऱ्या दिवशी त्यांना संस्थेच्या रुग्णालयात दाखल करून गोळी थांबवली.

ताप आधी वाढला. आठ महिन्यांचे साचलेले एकदम उपसले जात होते. पाच दिवस अण्णा ग्लानीत होते. सातव्या दिवशी ताप उतरला आणि ते चौदा तास गाढ झोपले. वैजयंती खाटेजवळ बसून होती. ते जागे झाले, तेव्हा काही विचारायची तिची हिंमत होईना.

"भूक लागलीय," अण्णा म्हणाले. "उपमा-बिपमा नको. भाकरी आण."

तिने बागवानांना बोलावले. त्यांनी चित्रे दाखवली, अण्णांनी नावे सांगितली. गावांची यादी पुढे ठेवली, अण्णांनी मणेराजुरी, सावळज, भिलवडी, सगळी न अडखळता वाचली. पुढच्या आठवड्यात पुन्हा, त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा. एकही शब्द गेला नव्हता. अण्णा आता स्वतःच्या हाताने अंघोळ करत होते.

"चमत्कार म्हणायचा," बागवान हसत म्हणाले.

वैजयंती मात्र म्हणाली, "चमत्कार कसला? पेशी सावरल्या, बागवान. सावरल्यावर त्यांनी आपणहून खूण आत ओढून घेतली. उंदरांना आपण दहाच दिवस दिले, त्यांना सावरायला वेळच मिळाला नाही."

"मग अण्णांच्या पेशींनी खूण नेमकी कधी काढली?"

"कसं कळणार? भक्षकपेशींना दिसू नये म्हणून आपण ती झाकली. ती झाकली तशी आपल्यालाही दिसेनाशी झाली. पांघरुणाखाली आता काहीच नाही, हे बघायचं तर पांघरूण काढावं लागतं. आणि ते काढायची आपल्याला भीती."

बागवानांचे हसू मावळले. यादीप्रमाणे दोनशे तेरा माणसे आजही दोन वेळा ती गोळी घेत होती आणि त्यांतली बहुतेक थकव्याने खंगली होती.

दुसऱ्या दिवशी वैजयंतीने यादी पुढ्यात घेतली. प्रत्येकाला फोन करून, बोलावून घेऊन देखरेखीखाली गोळी थांबवायची होती. पहिले दोघे एवढे दमलेले होते, की तिचे बोलणे पुरते ऐकूनही घेऊ शकले नाहीत. तिसरे नाव होते खामगावच्या शकुंतला तायड्यांचे. त्यांचे रक्ताचे अहवाल तिसऱ्या महिन्यापासून इतके स्वच्छ होते, की औषधाने थकवा येत नाही याचा पुरावा म्हणून संस्थेने तेच छापले होते. त्यांच्याच भरवशावर बाकीच्यांना सांगितले होते, की थकवा वयाचा आहे.

"शकुंतलाबाई, गोळ्या थांबवायच्या आहेत. त्यासाठी दाखल व्हावं लागेल."

पलीकडून चोरटा आवाज आला, "मॅडम, रागावजा नोका. मी त दीड महिन्यातच सोडल्या गोळ्या. लय मळमळ होये. दर महिन्याले मी येऊन घेऊन जाओ, अन् डब्यात टाकून ठेवो."

वैजयंतीने तो आकडा यादीत लिहून घेतला. दीड महिना. अण्णांनी आठ महिने काढले होते.

"थकवा येतो का तुम्हाला?"

"थकवा कायचा? सकायपासून पापड लाटून रायली."

"अहो, मग एकदा तरी आम्हाला सांगायचं ना!"

"तुमी इचारलं कुठी?" शकुंतलाबाई म्हणाल्या. "गोळ्या घेता का, एवढंच सारे इचारत. मी हो म्हणो. बंद केल्या त काय होते, हे कोनंच नाही इचारलं."

वैजयंतीने त्यांना जपून राहायला सांगितले, फोन ठेवला आणि चौथा नंबर लावला.