एम्प्टी सीटवरचा रुमाल

हे ऐकून आजवर एकानेही विश्वास ठेवलेला नाही, आणि तुम्हीही ठेवणार नाही. एका रुमालाने मी सेलूचा नवरदेव परतवून लावला, आणि त्याच रुमालाने बायको मिळवली. ती पलीकडे मेथी निवडत बसली आहे, म्हणून आवाज जरा खाली घेतो.

साल चौऱ्याहत्तर. गंगाखेडहून रोज परभणीला जाणारा मी, लिंबाजी, कृषी विद्यापीठातला नवाकोरा कारकून. सकाळच्या एस.टी.ला ही गर्दी! खिडकीतून सीटवर रुमाल टाकायचा, मग दाराशी झोंबाझोंबी करत चढायचं. रुमाल पडला की जागा आपली. त्यावर गावचा पाटीलही बसत नसे. त्या दिवशी चढून पाहतो, तर माझ्या सीटपाशी एक पोरगी उभी. छातीशी पुस्तकं, वेणीला निळी रिबीन, आणि डोळे... जाऊ द्या.

“ही सीट एम्प्टी हाय का?”

“एम्प्टी कशी? रुमाल दिसंना व्हय?” मी ऐटीत.

“दिसायलाय की. पण त्याला काम काय हाय? निवांत पडलाय.” तिनं हसू दाबलं. “एम्प्टी म्हंजी मुळात फुरसत असलेला. हजार वर्षांमागची इंग्रजी. आमच्या सरांनी कालच सांगितलं.”

आणि रुमाल उचलून बसलीसुद्धा! “लय मळलाय. धुऊन देते उद्या.”

ती कस्तुरा. बी.ए.ला इंग्रजी घेतलेली. उद्या-उद्या करता हिवाळा सरला, रुमाल काही परत आला नाही. मी मात्र रोज टोपी टाकून तिची जागा धरायचो आणि शेजारी दांडा पकडून उभा राहायचो.

“त्या शब्दातला पी मूळचा न्हाई बरं का,” एकदा ती म्हणाली. “एम आन् टीच्या मधी मागून घुसला. उगंच.”

“म्हंजी... माझ्यासारखा?”

“तुमी कुठं घुसलाव अजून? उभेच तर हाव!”

मग शिमग्याच्या सुमारास एका सकाळी ती खिडकीबाहेरच पाहत राहिली.

“रविवारी सेलूचे पाव्हणे यायलेत. मला बघायला. जमलं तर कॉलेज बंद, म्हणालेत.”

मी दांड्याला धरूनच तिच्याकडे वाकलो. “मग... तुमी काय म्हणालाव?”

“मी बी.ए. करणारच. कुणी का येईना.” तिनं वळून थेट माझ्याकडे पाहिलं. “त्या शब्दाचा आणखी एक जुना अर्थ हाय. लगीन न झालेला. तुमी एम्प्टी हाव का, लिंबाजीराव?”

“हाय...”

“मग रविवारी घरी या. अप्पांसमोर तोंडानं बोला.”

गेलो की! छाती काढून शिरलो. बैठकीत नवरदेवासाठी एकच खुर्ची मांडलेली. खिशातून रुमाल काढला आणि टाकला तिच्यावर! पाव्हणे आले. जन्मभर एस.टी.नं फिरलेली माणसं. नवरदेवानं खुर्ची पाहिली, रुमाल पाहिला, आणि गुमान भिंतीला टेकून उभा राहिला. पोहे उभ्यानं खाल्ले, चहा उभ्यानं प्याला. शेवटी त्याचा मामा तडकला, “जागा धरलेली असताना आमाला बोलावलंव कशाला?” आणि सगळे निघून गेले.

कस्तुराचे अप्पा, चंद्रभान गुरुजी, गरजले, “रुमाल कुणाचा हाय?”

मी त्यांच्याहून मोठ्यानं गरजलो, “माझा! पण हिचं बी.ए. झाल्यावरच बसंन या खुर्चीवर!”

पलीकडे मेथीची जुडी आपटली.

“अवो, किती खोटं बोलताव! धुवायला नेलेला रुमाल माझ्यापाशी व्हता. मग खुर्चीवर कुणी टाकला? मी! ‘याचा मालक भाईर उभाय’ असं अप्पांना कुणी सांगितलं? मी! बी.ए.ची अटबी माझीच. तुमी तर लिंबाखाली टोपी चुरगाळत उभे व्हताव. अप्पा भाईर आले तवा एवढंच म्हणालाव, ‘गुरुजी... मी एम्प्टी हाय.’”