शरयूसाठी धरलेली जागा

रुमाल टाकून जागा धरायची सवय मोरेश्वरनं पुण्याहून अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज गावी आणली होती. दुसऱ्याचा रुमाल उचलून तिथे स्वतःचा टाकायचीही. २००४च्या दिवाळीत मराठी मंडळाला हॉल मिळाला नाही, म्हणून गावाबाहेरचं जुनं चर्च घेतलं. वेल्सहून आलेल्या खाणकामगारांनी बांधलेलं. काळ्या दगडाची फरशी, काळवंडलेलं लाकडी छप्पर, जिना चढून जायचं असं उंच व्यासपीठ. बाकांना कमरेएवढ्या फळ्यांचे कप्पे केलेले, प्रत्येकाला बुटकं दार आणि कडी. एकेक कप्पा एकेका घराण्याचा असायचा म्हणे.

मोरेश्वरच्या बायकोचं, शरयूचं, नुकतंच बायपासचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, थंडी सांभाळा. आणि नेमका हीटर बंद. पुढे एक लोखंडी शेगडी तेवढी पेटवलेली. तिच्याशेजारच्या कप्प्यात मोरेश्वरनं रुमाल टाकला आणि शरयूला गाडीतून आणायला गेला.

परत आला तर रुमाल मागच्या बाकावर. घडी घालून.

"जगन्या, तुझे उद्योग?"

"मी आणि घडी?" त्याचा मित्र जगन्नाथ चकली मोडत म्हणाला. "माझ्या पायजम्याचीसुद्धा बायको घालते, यार."

मोरेश्वरनं रुमाल पुन्हा टाकला. शरयूची शाल सावरून वळतो, तर रुमाल परत मागे. घडी आणखी बारीक. आपल्या तोडीचं कुणीतरी भेटलं म्हणून गडी खूश झाला. रुमाल खिशात घातला, शरयूलाच आत बसवलं आणि बाहेरून कडी लावली. आता उठवा म्हणावं.

गाणी सुरू झाली. शरयू एवढ्या मोठ्या बाकावर एकटी, पण खांदे आवळून, पर्स पोटाशी धरून बसलेली.

"अगं, ऐसपैस बस की."

"कशी बसू? दोन्हीकडे माणसं आहेत," ती कुजबुजली. "चांगली आहेत हो. सरकून जागा दिली मला."

मोरेश्वर हसला. इतक्या वर्षांच्या संसारात बायकोही थट्टेत तयार झाली म्हणायची.

मग त्याचं लक्ष गेलं. गाणाऱ्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. त्याच्याही. शरयू बोलली तेव्हा निघाली नव्हती.

शेगडीजवळ आहे म्हणून असेल. पण तोही शेगडीजवळच उभा होता.

त्यानं कडी ओढली. हलेना.

"जगन्या, ये रे इकडे. अडकलीय."

"काका, आज कुणाला मामा बनवताय?" मागून मंडळातली इशिता म्हणाली. सगळे हसले. जागचं कुणी हललं नाही.

"खरंच सांगतोय रे."

आणखी हसले.

त्यानं दाराला खांदा लावला.

"अहो, हळू," शरयू म्हणाली. "त्यांना पाय तरी घेऊ द्या." मग डावीकडे वळून, "येते हं."

कडी आपोआप सुटली.

शरयू बाहेर आली. "चकली उरलीय का?" म्हणाली. मोरेश्वरनं हातमोज्यातला तिचा हात घट्ट धरला आणि दुसरा हात वाकून बाकावर टेकला.

डावीकडची जागा उबदार होती, नुकतंच कुणी उठल्यासारखी.

उजवीकडचीही.

मधली, शरयू बसली होती ती, बर्फासारखी गार.